निचरा

अकरा महिन्यांत शालन शेजवळ यांचे वजन नऊ किलो आठशे ग्रॅमने घटले होते आणि त्याचे कारण एकाही तपासणीत सापडत नव्हते. थायरॉइड व्यवस्थित होते. छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयाची खूण नव्हती. पोटाच्या आणि आतड्यांच्या तपासण्या झाल्या होत्या. रक्तातील साखर तर पूर्वीपेक्षा सुधारलेली होती. एकाहत्तर वर्षांच्या एका बाईच्या शरीरातून दर महिन्याला सुमारे नऊशे ग्रॅम कमी होत होते आणि ते का, हे कोणालाही सांगता येत नव्हते.

डॉ. नसरीन मुजावर यांनी सगळे कागद पुन्हा एकदा चाळले, शालनबाईंना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले आणि त्यांच्या मुलाकडे पाहिले.

"तन्मय, आई नीट जेवतात ना?"

"डॉक्टर, आमच्या घरात अन्नाची जेवढी नोंद होते तेवढी कुठेच होत नसेल."

"नोंद नको मला. त्या काय खातात ते सांग."

"आम्ही खातो तेच."

"त्यांना जेवताना तू शेवटचं कधी पाहिलंस?"

दोन वर्षांपूर्वीच्या एका लग्नातली पंगत त्याला आठवली. घरातले काही आठवेना.

"मी आकडेमोड केली," डॉक्टर म्हणाल्या. "अकरा महिन्यांत एवढं वजन जायला दिवसाला दोनशे कॅलरी कमी पडल्या तरी पुरतं. दोनशे म्हणजे दोन पोळ्या. मी रोग शोधतेय, तू त्या दोन पोळ्या शोध. बघू आधी कोणाला सापडतं ते."

बाहेर शालनबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "काय म्हणाली रे ती?"

"जेवतेस का, विचारत होत्या."

"घ्या. न जेवता का इतकी वर्षं उभी आहे मी?"

तन्मय शेजवळ हा 'अंदाज' या प्रकल्पाचा मुख्य संख्याशास्त्रज्ञ होता, आणि हा प्रकल्प समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

आंबेसर शहराबाहेरचा कचरा डेपो एका उन्हाळ्यात सतरा दिवस जळत राहिला. कुजणाऱ्या अन्नातून निघणारा मिथेन आतल्या आत पेटत होता. वरून कितीही पाणी मारले तरी विझत नव्हता. त्यानंतर पालिकेने घरोघरचा ओला कचरा उचलणे थांबवले आणि घरात अन्न वायाच जाऊ नये, यासाठी एक यंत्रणा बसवली. तिचे चार भाग होते. पहिला भाग म्हणजे कोठी: कणीक, तांदूळ आणि डाळ प्रत्येक वेळच्या स्वयंपाकापुरती मोजून देणारे कपाटाएवढे यंत्र. भाजी किती चिरायची, तेही तीच सांगे. दुसरा भाग ओट्यावरची चौकट. तिच्यावर ठेवलेल्या पातेल्याचे वजन ती दर सेकंदाला नोंदवीत असे आणि अवरक्त किरणांच्या साहाय्याने आत भात आहे की आमटी हे ओळखत असे. तिसरा भाग जेवणाच्या टेबलावरचे पाट, ताटाखाली ठेवायचे. चौथा भाग कचऱ्याची बादली.

मागचा सिद्धान्त शाळकरी होता. पदार्थ नाहीसा होत नाही. जेवढे शिजले तेवढे कुठेतरी असलेच पाहिजे: ताटात गेले तर 'सेवन', फ्रिजमध्ये गेले तर 'साठा', बादलीत गेले तर 'त्याग'. पहिल्या चाचणीत लोक बादलीला चकवण्यासाठी उरलेली आमटी मोरीत ओतू लागले, तेव्हा तन्मयने समीकरणात चौथे पद घातले. पातेल्यातून गेले, पण ताटात, फ्रिजमध्ये किंवा बादलीत कुठेच आले नाही, असे अन्न म्हणजे 'निचरा'. त्याग आणि निचरा यांची बेरीज शून्याकडे नेणे हे कोठीचे काम. ती दर आठवड्याला फार तर दीड टक्का कमी देत असे, कारण तीन टक्क्यांच्या आतला फरक माणसाच्या हाताला आणि डोळ्याला जाणवत नाही. हा निष्कर्ष तन्मयचाच होता आणि त्याबद्दल त्याचे कौतुकही झाले होते.

चाचणीसाठी एका संशोधन संस्थेच्या वसाहतीतली चाळीस कुटुंबे घेतली होती. त्या घरांत नवरा-बायको दोघे नोकरी करीत, दोघे एका वेळी टेबलाशी बसत आणि आपापल्या ताटात जेवत. तेथे यंत्रणा निर्दोष ठरली. शहरातल्या एकसष्ट हजार घरांत ती बसवल्यावर वर्षभरात ओला कचरा आणि निचरा मिळून अडतीस टक्क्यांनी घटला. बादलीत काहीच न पडल्यामुळे तन्मयचे स्वतःचे घर सलग बावीस आठवडे 'शून्य घर' ठरले. सोसायटीच्या फलकावर त्याचे नाव हिरव्या अक्षरांत होते आणि एका वर्तमानपत्रात शालनबाईंचा कोठीशेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. फोटोत त्यांचा ब्लाउज खांद्यावर ढगळ दिसत होता.

दवाखान्यातून आल्यावर त्या संध्याकाळी तन्मय टेबलाशी बसला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसला.

"इथे काय करतोयस?" शालनबाई पोळी लाटत म्हणाल्या. "ताटावर बस. गरम आहे तोवर खा."

"तुझं होऊ दे. मग बसतो."

"आज काय नवीनच. रेवा, तुझ्या बाबांना काय झालं गं?"

तेरा वर्षांची रेवा आणि तिची आई ऋतुजा टेबलाशी जेवत होत्या. ऋतुजा म्हणाली, "आई, मी करते उरलेल्या पोळ्या, तुम्ही बसा," आणि शालनबाई म्हणाल्या, "बस गं, दिवसभर उभी असतेस लॅबमध्ये." हा संवाद या घरात अकरा वर्षे रोज होत होता आणि तो इथेच संपत असे.

अखेर तन्मयला जेवावेच लागले. तव्यावरची पोळी थेट त्याच्या ताटात आली. दुसरी आली, तिसरी आली. सगळे उठल्यावर शालनबाईंनी स्टूल ओढले. भाजीचे पातेले चौकटीवरच होते. त्यात तळाला चमचाभर दुधी आणि बराचसा रस्सा उरला होता. त्यांनी डब्यातली एकुलती एक पोळी पातेल्यातच कुस्करली आणि ओट्याकडे तोंड करून त्या खाऊ लागल्या.

"ताट घे ना, आई."

"एवढ्याशासाठी कशाला ताट खरकटं करायचं? पातेलं घासायचंच आहे."

तन्मयने खिशातून फोन काढून स्वतःच्या घराची नोंद उघडली. सेवन: तीन ताटे. त्याग: शून्य. शेवटच्या ओळीतला आकडा हलत होता. आई घास उचली, पातेले बारा ग्रॅमने हलके होई आणि 'निचरा'पुढचा आकडा बाराने वाढे. चोवीस. सदतीस. एकोणपन्नास. तिने पातेले बोटाने निपटले तेव्हा तो एकशे बेचाळीसवर थांबला. मग खाली नेहमीची सूचना उमटली: निचरा आढळला, पुढील आठवड्यात कणीक दीड टक्का कमी.

"आई, किती दिवस झाले, तुला एकच पोळी उरते?"

"एक कुठे, कधी दीड असते." त्या पातेल्यात पाणी घालू लागल्या. "आधी तीन असायच्या. मग अडीच. कणीकच बेतानं येते, काय करणार."

"जास्तचं बटण आहे ना."

"ते कारण विचारतं. आणि मग बोर्डावर लागतं. काय सांगू त्याला, म्हातारीला भूक लागली?"

"मला सांगायचं."

शालनबाईंनी नळ बंद केला. "यंत्र तुझं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तूच ठरवलं असशील."

"काय ठरवलं असेन?"

"माझं किती, ते. साखर आहे ना मला. म्हटलं, डॉक्टरशी बोलून कमी केलं असेल. आईला तोंडावर कसं सांगायचं, थोडं खा म्हणून, तर यंत्रातून सांगतोय."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मुलाने काढलेला मार्ग त्यांना शहाणपणाचा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तन्मयने शहराची सगळी नोंद नव्याने तपासायला घेतली. काय शोधायचे हे आता त्याला माहीत होते. पातेले मोरीत ओतले की वजनाचा आलेख कड्यासारखा एकदम कोसळतो. माणूस पातेल्यातून खातो तेव्हा तो पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. दर पायरी आठ ते वीस ग्रॅम, दोन पायऱ्यांमध्ये वीस-बावीस सेकंद. इतका उघड फरक त्याने दीड वर्षात पाहिला नव्हता, कारण त्याने निचऱ्याची फक्त रोजची बेरीज पाहिली होती. बेरजेत पायऱ्या दिसत नाहीत.

दुपारपर्यंत आकडा आला. एकसष्ट हजारांपैकी चौदा हजार तीनशे घरांत शेवटचे ताट उचलल्यानंतर चाळीस मिनिटांच्या आत पायऱ्या उतरत होत्या. जवळपास प्रत्येक घरात त्या आठवड्यागणिक कमी होत गेल्या होत्या. काही घरांत त्या आता उरल्याच नव्हत्या. तेथे एक तर त्या व्यक्तीने ताट घ्यायला सुरुवात केली होती, किंवा दुसरे काही झाले होते. नोंदीवरून ते ठरवता येत नव्हते.

प्रकल्प संचालक देवयानी कारखानीस यांनी आलेख शांतपणे पाहिला. त्या मूर्ख नव्हत्या आणि दुष्टही नव्हत्या. तीन-चार महिन्यांत हीच यंत्रणा राज्यातल्या एकवीस लाख घरांत बसणार होती आणि तिच्या सुरक्षिततेच्या दाखल्यावर तन्मयची सही व्हायची होती.

"हे पायऱ्यांचं प्रकरण सेवनात धरलं, तर आपली घट किती राहते?" त्यांनी विचारले.

"अडतीसऐवजी एकोणीस."

"एकोणीसवर राज्य पुढे जाणार नाही, शेजवळ."

"मॅडम, उरलेली एकोणीस ही घट नव्हतीच. बायकांनी न खाल्लेल्या पोळ्या आहेत त्या."

"बायकांनी? आलेखावर लिहिलंय तसं?"

"नाही."

"मग जे लिहिलंय तेवढंच बोलू." त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, मला कळत नाही असं समजू नका. माझी आई पण अशीच जेवायची, मागाहून, ओट्याशी. म्हणून सांगते, यावर उपाय सोपा आहे. विचारायचं. संध्याकाळी सात ते नऊ कोठीनं विचारायचं, घरातल्या सगळ्यांचं जेवण झालं का? 'झालं' म्हणेपर्यंत निचरा धरायचाच नाही. कोणी उपाशी असेल तर सांगेल की."

"तुमच्या आई सांगायच्या?"

"अर्थात. मी रोज विचारायचे."

"काय सांगायच्या?"

"झालं म्हणायची," कारखानीस म्हणाल्या आणि पुढच्या कागदाकडे वळल्या.

ते उत्तर दोघांनीही ऐकले आणि दोघांपैकी एकानेही त्याची नोंद घेतली नाही.

तन्मयपुढे दोन मार्ग होते. सही नाकारली असती तर समिती नेमली गेली असती, तिला सहा महिने लागले असते आणि तोवर चौदा हजार घरांत दर आठवड्याला दीड टक्का कमी होत राहिला असता. सही केली तर प्रश्न चार दिवसांत सगळ्या घरांत सुरू होत होता. त्याने सही केली. प्रश्नामागचा तर्कही त्यानेच तपासला आणि तो त्याला बिनचूक वाटला: सर्वांचे जेवण झाल्याचे घराने स्वतः सांगितल्यावर पातेल्यातून जे जाते ते कोणाच्या पोटात जाणे शक्य नाही, म्हणजे तो निःसंशय निचरा. अनिश्चितता गेल्यामुळे कोठीची आठवड्याची घट दीडवरून तीन टक्क्यांवर नेण्यासही हरकत नव्हती. त्या ओळीपुढे त्याने 'मान्य' असे लिहिले.

घरात पुढचे तीन आठवडे शालनबाई टेबलाशी बसल्या. तन्मय पोळ्या करी. त्या कुठल्याशा प्रदेशाच्या नकाशासारख्या होत आणि रेवा त्यांना नावे देई. "आजी, ही घे श्रीलंका." शालनबाई हसत, ताटातले संपवत आणि मधूनच उठून गॅस बारीक करून येत. वजन सहाशे ग्रॅमने वाढले. डॉ. मुजावर म्हणाल्या, "सापडल्या की पोळ्या. माझ्यापेक्षा तू बरा डॉक्टर."

मग राज्यभरची प्रशिक्षणे सुरू झाली. सोमवारी पहाटे तन्मय निघे आणि शनिवारी परते. ऋतुजाची लॅबमध्ये दुपारपाळी लागली. ती नऊला घरी येई. मधल्या दिवसांत संध्याकाळी टेबलाशी रेवा एकटी असे. रविवारी चार ताटे मांडली जात आणि शालनबाई सगळ्यांबरोबर व्यवस्थित जेवत. तन्मय त्यांना विचारी, "मी नसताना जेवतेस ना?" त्या म्हणत, "न जेवायला काय झालं? तुझं यंत्रसुद्धा विचारतं आता. सुनेसारखं, रोज."

नवव्या आठवड्यात एका जिल्ह्याच्या गावी तन्मय पन्नास पर्यवेक्षिकांना नोंदी वाचायला शिकवत होता. भिंतीवर आंबेसरच्या एका घराची संध्याकाळ मोठी करून दाखवली होती. मागच्या रांगेतून इंदुमती गायकर नावाच्या, पन्नाशीच्या बाईंनी हात वर केला. अंगणवाड्यांत तीस वर्षे काढलेल्या बाई होत्या त्या.

"सर, हे 'झालं' सात अडतीसला आलंय."

"हो. प्रश्न सातपासून विचारला जातो."

"पण पहिलं ताट आठ दहाला मांडलंय." त्या थांबल्या. "मग जेवलं कोण?"

काही जणी हसल्या. कोणीतरी मागून म्हणाले, "अगं, आधी 'झालं' म्हटलं की पीडा टळते. नाहीतर ते दर पाच मिनिटाला बोलतं. मी पण तेच केलं असतं."

हसणे वाढले. तन्मयने चहाची सुट्टी जाहीर केली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळ्या शहराची उत्तरे काढली. एकसष्ट हजार घरांपैकी एक्केचाळीस टक्के घरांचे 'झालं' पहिले ताट मांडण्याआधी आलेले होते. पायऱ्यांच्या चौदा हजार तीनशे घरांपैकी अकरा हजार दोनशे घरांत तसेच होते. प्रश्न कानावर पडल्यापासून बटण दाबेपर्यंत सरासरी दीड सेकंद गेला होता. विचार करायला माणसाला याहून जास्त वेळ लागतो. हे उत्तर विचार करून दिलेलेच नव्हते. त्या उत्तरानंतर पातेल्यातून उचललेला प्रत्येक घास नियमानुसार निःसंशय निचरा ठरला होता, आणि कोठी दुप्पट वेगाने कमी देत होती.

भिंतीवरची नोंद त्याने मुद्दाम निवडलेली नव्हती. त्याने आपल्या घराची उघडली. तिच्यात आणि भिंतीवरच्या नोंदीत फक्त मिनिटांचा फरक होता.

त्याने फोन लावला. "आई, कोठी विचारते तेव्हा तू लगेच 'झालं' म्हणतेस?"

"मग काय म्हणू?"

"तू तर जेवलेली नसतेस."

"जेवणारच असते की मी. सगळ्यांचं झाल्यावर." त्यांचा आवाज बारीक होता आणि मध्ये खोकला येत होता. "आधी सांगून टाकलं की ते गप्प बसतं. पोळ्या लाटू देतं."

"किती पोळ्या उरतात तुला?"

"आता तू तिकडून पोळ्या मोजणार का? रेवाला आणि ऋतुजाला पुरतं बघ, अगदी बरोबर पुरतं. तुझं यंत्र हुशार आहे."

"आई, खोकला कधीपासून आहे?"

"परवापासून. साधाच आहे. तू काम कर."

तो संध्याकाळी घरी पोहोचला तेव्हा शालनबाईंना ताप होता आणि त्या पोळ्या लाटत होत्या. रुग्णालयात दाखल करताना वजन सदतीस किलो सहाशे भरले. डॉ. मुजावर यांनी न्यूमोनियाचे निदान सांगितले आणि त्याबरोबर हेही सांगितले, की इतक्या खंगलेल्या शरीरात छातीचे स्नायू कफ बाहेर टाकू शकत नाहीत आणि प्रतिकाराला लागणारी प्रथिने आता आणायची कुठून, हा प्रश्न आहे. औषधे योग्य होती, वेळेवर होती. पाचव्या दिवशी दुपारी शालनबाई गेल्या.

त्या पाच दिवसांत ऋतुजा तन्मयशी एकदाच मोकळी बोलली, अतिदक्षता विभागाबाहेरच्या जिन्यात.

"मी रोज विचारायचे त्यांना. आल्या आल्या. पर्स पण खाली ठेवायच्या आधी."

"काय सांगायच्या?"

"तुला माहीत आहे काय सांगायच्या ते." ती पुढे म्हणाली, "आणि माझं झाकून ठेवलेलं असायचं. भाजी, तीन पोळ्या. मी खायचे, तन्मय. भूक लागलेली असायची, मी खायचे."

मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून न्यूमोनिया लिहिले होते. ते खरे होते.

चौदाव्या दिवशी तन्मय कारखानीसांसमोर उभा राहिला आणि त्याने सुरक्षिततेचा दाखला मागे घेत असल्याचे सांगितले. राज्यातल्या योजनेला आठ दिवस उरले होते.

"तुमच्या दुःखात मी सहभागी आहे," त्या म्हणाल्या, आणि त्या खरोखरच होत्या; अंत्यविधीला आलेल्या होत्या. "पण दाखला मागे घ्यायला पुरावा लागतो. मी तुमच्या घराची नोंद मागवली. प्रश्न सुरू झाल्यापासून तुमच्या आईंनी एकही दिवस चुकवलेला नाही. रोज 'झालं'. सगळ्या शहरात सत्त्याण्णव टक्के घरं रोज हेच सांगतायत. पूर्वी आपल्याला शंका होती, शेजवळ. आता जबाब आहे."

"जबाब खोटा आहे."

"कोण खोटं बोललं?"

तन्मयने आलेख त्यांच्यापुढे सरकवला.

"मी कठोर होत नाहीये. समितीत हाच प्रश्न येणार, म्हणून विचारते. एकसष्ट हजार घरं खोटं बोलतात असं म्हणायला तुमच्याकडे आलेख आहे. आलेखावर वाद होतो. एक घर तरी नावानिशी सांगावं लागेल, आणि ते सांगणारा त्या घरातला हवा."

त्यासाठी नमुना ठरलेला होता. त्याचे नाव 'जबाब-दुरुस्ती अर्ज', आणि तो तन्मयच्याच विभागाने तयार केलेला होता. त्याच दिवशी टेबलाशी बसून त्याने तो भरला. घर क्रमांक. दिनांक पासून, दिनांक पर्यंत. चुकीचा जबाब देणाऱ्या व्यक्तीचे नाव: शालन वामन शेजवळ. अर्जदाराशी नाते: आई. पुढे 'चुकीच्या माहितीचे कारण' असा रकाना होता आणि त्यात तीनच पर्याय होते. निष्काळजीपणा. गैरसमज. फसवणुकीचा हेतू. चौथा नव्हता आणि काही लिहायला जागाही नव्हती. एकही न निवडता अर्ज पुढे सरकत नव्हता.

ऋतुजा कामावरून आली, तिने त्याच्या खांद्यावरून वाचले आणि हात धुवायला गेली. बेसिनशी उभी राहून ती म्हणाली, "गैरसमज निवड. निदान तो तरी त्यांचा एकटीचा नव्हता."

त्याने 'गैरसमज' निवडले आणि अर्ज पाठवला.

योजना ठरल्या दिवशी सुरू झाली. समितीने अर्ज वाचल्याची खूण कुठे नव्हती. यंत्रणेने मात्र तो वाचला होता, कारण अशा अर्जांची छाननी तीच करीत असे. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: आपल्या अर्जाची तपासणी पूर्ण झाली. नमूद व्यक्ती हयात नसल्याचे आढळले. आपल्या घराच्या नोंदीत आवश्यक दुरुस्ती करण्यात आली आहे. सदस्यसंख्या: तीन.

त्या संध्याकाळी कोठीतून तिघांची कणीक आली. तिघांनी एकत्र बसून जेवण केले. काहीही उरले नाही.